आतड्यातले जिवाणू बनवतात तरी काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ४२. दीड वर्षापासून जेवणानंतर पोट तट्ट फुगतं, शौचाला दोन-तीन दिवसांआड होतं. घरी नमुना घेऊन शौचातल्या जिवाणूंची तपासणी करून घेतली. अहवालात 'विविधता कमी' आणि 'फर्मिक्युट्स गटाचं प्रमाण जास्त' हे दोन शेरे लाल रंगात आले आणि शेवटच्या पानावर तीन महिन्यांच्या प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल सुचवल्या. वजन, मधुमेह, हृदय, इतकंच काय मनःस्थितीसुद्धा हे जिवाणूच ठरवतात, असंही त्यात लिहिलंय. यात खरं किती आणि आता काय करू?

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे, वीसेक वर्षं हेच काम करतो. असे अहवाल हातात घेऊन धास्तावलेली माणसं हल्ली वरचेवर भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या हातात आहे ती जिवाणूंची शिरगणती. कोण राहतं आणि शेकडा किती, एवढंच तीत आहे. त्यातला कोण काय काम करतो, सध्या कामावर आहे की नुसता पडून आहे, हे तीत नाही. गावाची मतदारयादी वाचून यंदा शेतात काय पिकलं ते कळत नाही, तसंच हे. आपल्या शरीराला जिवाणूचं नाव कळत नाही, त्याने बनवलेला रेणू कळतो. तो रेणू आतड्याच्या अस्तराला लागतो, रक्तात उतरतो, यकृतात जातो, तिथे त्याचं आणखी काही बनतं. तब्येतीवर परिणाम होतो तो मुख्यतः या पदार्थांचा.

हे मला एका रुग्णाने शिकवलं. मी शिकाऊ डॉक्टर होतो, रात्रपाळी होती. साठीचे एक गृहस्थ आले. लिव्हर सिरॉसिस आहे हे आधीपासून माहीत होतं. "डॉक्टर, कालपासून हे मला ताई म्हणून हाक मारतायत," एवढं सांगून त्यांच्या पत्नी गप्प झाल्या. मी गृहस्थांना दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि गाडी थांबवताना धरतात तसे पंजे उभे धरायला लावले. पंजे क्षणभर उभे राहिले आणि मग पाखराने पंख फडफडवावेत तसे गळून गळून पडू लागले. कागदावर सही करा म्हटलं, तर पहिलं अक्षर उमटलं आणि पेन कागदावरून घरंगळत खाली गेलं. डोक्याला मार नव्हता, ताप नव्हता, रक्तातली साखर ठीक होती. बराच वेळ विचारपूस केल्यावर पत्नीकडून एक गोष्ट कळली : चार दिवस त्यांना शौचाला झालं नव्हतं.

लॅक्टुलोज सुरू केलं. दुसऱ्या दिवशी तीन-चार वेळा पोट साफ झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी फेरीला गेलो तर ते उठून बसले होते आणि पत्नीला नावाने हाक मारून चष्मा मागत होते. त्याच कागदावर त्यांनी पुन्हा सही केली. एकाखाली एक असलेल्या त्या दोन सह्या मला अजून दिसतात.

त्यांचा मेंदू बिघडला होता तो मोठ्या आतड्यातल्या रसायनाने. तिथले जिवाणू प्रथिनं आणि युरिया फोडून अमोनिया सोडतात. सगळा अमोनिया त्यांचाच असतो असं नाही, लहान आतड्याच्या पेशीही ग्लुटामिनपासून तो बनवतात. पण जिवाणूंचा वाटा मोठा. निरोगी यकृत हा अमोनिया वाटेतच पकडतं आणि त्याचा युरिया करून टाकतं. सिरॉसिसमध्ये ती चौकीच मोडून पडलेली असते. त्यात मल चार दिवस साचलेला, त्यामुळे अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचला. लॅक्टुलोज ही साखर माणसाच्या लहान आतड्याला पचवताच येत नाही. ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले जिवाणू ती आंबवून आम्लं बनवतात. आम्लता वाढली की अमोनियाचा अमोनियम होतो. अमोनियम अस्तरातून सहजी शोषला जात नाही, तो शौचावाटे निघून जातो. औषध दिलं माणसाला, खाल्लं जिवाणूंनी, आणि भानावर आला माणूस. अशा आजारासाठी हे औषध आज जगभर रोज दिलं जातं. आतडं आणि मेंदू यांच्या नात्याबद्दल कुणी शंका काढली की मला ती सही आठवते.

आता थोडे आकडे. एका प्रौढ माणसाच्या अंगावर आणि अंगात मिळून सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. 'आपल्या एका पेशीमागे दहा जिवाणू' हे वाक्य अजून सगळीकडे फिरतं, पण २०१६ साली नीट मोजदाद झाल्यावर ते मागे पडलं. या सगळ्यांचं वजन भरतं २०० ग्रॅमच्या आसपास. बहुतेक वस्ती मोठ्या आतड्यात असते, आणि तिथे पोहोचतं ते आपल्याला पचवता न आलेलं अन्न. त्यातला मुख्य भाग म्हणजे तंतुमय पदार्थ, ज्याला आपण चोथा म्हणतो.

चोथा हा शब्द ऐकला की टाकाऊ वस्तू डोळ्यांसमोर येते, आणि या शब्दाने बरंच नुकसान केलंय. जिवाणू हा चोथा ऑक्सिजनविना आंबवतात आणि त्यातून तीन लहान मेदाम्लं तयार होतात : ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. प्रमाण साधारण ६०:२०:२०. ॲसिटेट रक्तातून दूरवर जातं, प्रोपिओनेट बहुतेक यकृतात थांबतं. ब्युटिरेट मात्र जिथल्या तिथे खपतं, आणि मला सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल.

शरीरातल्या इतर बहुतेक पेशी रक्तातून येणाऱ्या अन्नावर जगतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराची पेशी मात्र समोरच्या पोकळीतून येणाऱ्या ब्युटिरेटवर जगते. तिच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातून येते. जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या अस्तराच्या पेशी तपासल्या, तेव्हा त्या उपाशी निघाल्या, स्वतःचेच घटक खाऊन दिवस काढत होत्या. त्यांना ब्युटिरेट दिल्यावर हे थांबलं.

गोष्ट नुसत्या पोटभरीची नाही. ब्युटिरेट जाळताना ही पेशी भरपूर ऑक्सिजन वापरते. रक्तातून आलेला ऑक्सिजन असा पेशीतच संपतो, पोकळीपर्यंत पोहोचतच नाही. ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन म्हणजे विष. म्हणजे जिवाणू पेशीला पोसतात आणि पेशी त्यांच्यासाठी घर ऑक्सिजनमुक्त ठेवते. आता एखाद्याने जबर अँटिबायोटिक घेतलं आणि हे जिवाणू गेले असं समजा. पेशीला ब्युटिरेट मिळत नाही, ती साखर वापरायला लागते, ऑक्सिजन शिल्लक राहतो आणि पोकळीत झिरपतो. त्यावर साल्मोनेला आणि त्याच्या कुळातले जिवाणू माजतात, कारण ऑक्सिजन त्यांना चालतो आणि फायद्याचाही पडतो. उंदरांवरच्या प्रयोगांत ही साखळी कडीकडीने दाखवली गेली आहे. अँटिबायोटिकनंतर बिघडलेलं पोट कधी कधी आठवडेच्या आठवडे का सावरत नाही, याचं मला पटलेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे.

ब्युटिरेटचं आणखी एक काम पेशीच्या केंद्रकात चालतं. डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा पुसणारी काही विकरं (एन्झाइम) ते अडवतं, त्यामुळे काही जनुकं उघडी राहतात. २०१३ मध्ये वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवलं, की ही लहान मेदाम्लं उंदरांच्या आतड्यात प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशी वाढवतात. आपलं आतडं रोज परकं अन्न आणि परके जिवाणू पाहतं, तरी सतत सुजलेलं राहत नाही, याच्या कारणांपैकी हे एक.

आणि चोथा कमी पडला तर? जिवाणू उपाशी बसत नाहीत. अस्तरावर श्लेष्माचा, म्हणजे म्यूकसचा, जाड थर असतो आणि तो साखरेच्या साखळ्यांनी भरलेला असतो. २०१६ मधल्या एका प्रयोगात उंदरांच्या आहारातून तंतू काढून टाकल्यावर त्याच जिवाणूंनी तो थर कुरतडायला घेतला, थर पातळ झाला आणि संसर्ग थेट अस्तराला भिडला. जिवाणू वाईट नव्हते, त्यांना वाढलेलं ताट रिकामं होतं.

माणसांत असं होतं का, याचं मला सर्वात बोलकं वाटणारं काम २०१५ चं आहे. अमेरिकेतल्या २० आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातल्या २० जणांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. अमेरिकन गटाचे तंतू दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेले आणि मांस-चरबी कमी झाली. आफ्रिकन गटाचं नेमकं उलट. दोन आठवड्यांत अमेरिकन गटात ब्युटिरेटची निर्मिती अडीच पट झाली, अस्तराची सूज आणि पेशींच्या वाढीचा अवाजवी वेग दोन्ही उतरले. आफ्रिकन गटात दोन्ही चढले. आधी आणि नंतर दुर्बिणीने अस्तराचे तुकडे काढून हे पाहिलं होतं, नुसतं विचारून नव्हे. कॅन्सर टळला असं यातून म्हणता येत नाही, दोन आठवड्यांत तसं कळणारही नाही. पण आतड्याचं रसायन पंधरवड्यात पालटतं, हे निश्चित.

आतापर्यंत गोडच बाजू सांगितली. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात चोथा मुबलक असतो, पुढे सरकताना तो संपत जातो. तो संपला की जिवाणू प्रथिनांकडे वळतात. त्यातून अमोनिया येतो, हायड्रोजन सल्फाइड येतो, पी-क्रेसॉल आणि इंडोल येतात. शेवटच्या दोघांपासून यकृतात पी-क्रेसिल सल्फेट आणि इंडॉक्सिल सल्फेट बनतात आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसात ते साचतात आणि डायलिसिसमध्येही नीट निघत नाहीत, कारण रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतात. तुमच्या बाबतीत यातली महत्त्वाची गोष्ट ही, की मल जितका रेंगाळेल तितका चोथा आधी संपतो आणि प्रथिनं आंबण्याला अधिक वेळ मिळतो. बद्धकोष्ठ हा जिवाणूंचा परिणाम असू शकतो, तसा तो जिवाणूंच्या वागण्याचं कारणही असतो. जिवाणू बदला म्हणजे पोट सुधारेल, असं सांगणारे ही दुसरी बाजू विसरतात.

हृदयाबद्दल विचारलंय. कोलीन आणि कार्निटिन हे पदार्थ अंडी, मांस वगैरेंत असतात. काही जिवाणू त्यांच्यापासून ट्रायमिथाइलअमीन हा वायू बनवतात आणि यकृत त्याचा ऑक्साइड करतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅनली हेझन यांच्या गटाने २०११ पासून हा धागा उलगडला. मांसाहारी स्वयंसेवकांना कार्निटिन दिलं तर रक्तात हा ऑक्साइड वाढला. त्यांनाच काही दिवस अँटिबायोटिक देऊन पुन्हा दिलं तर जवळपास बनलाच नाही. वर्षानुवर्षं प्राणिज काहीच न खाणाऱ्यांमध्ये तो फारच कमी बनला. २०१३ मध्ये त्यांनी ४००७ रुग्णांवर तीन वर्षं नजर ठेवली आणि ज्यांच्या रक्तात तो जास्त, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू जास्त आढळले. काम भक्कम आहे. तरीही रक्तातला हा आकडा पाहून मी उपचार ठरवत नाही. समुद्री माशांत हा ऑक्साइड तयारच असतो, तो खाल्ल्यावर आकडा खूप चढतो आणि तरी मासे हृदयाला घातक ठरलेले नाहीत. शिवाय मूत्रपिंड मंदावलं की तो आपोआप वाढतो. कारण कोणतं आणि खूण कोणती, हे इथे अजून पुरतं वेगळं झालेलं नाही.

पित्ताम्लांची गोष्ट मात्र मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती लहान आतड्यात चरबी पचवतात, बहुतेक परत शोषली जातात आणि थोडी मोठ्या आतड्यात निसटतात. तिथे काही मोजके जिवाणू त्यांच्यावरचा एक हायड्रॉक्सिल गट उडवून डीऑक्सिकोलिक आम्ल बनवतात. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स हा त्यातला प्रमुख. संख्येने तो इतका नगण्य, की शिरगणतीच्या अहवालात नजरेत भरायचा नाही. पण क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जीवघेण्या जुलाबाच्या जिवाणूचे बीजाणू यकृतातून आलेल्या मूळ पित्ताम्लांवर अंकुरतात आणि डीऑक्सिकोलिक आम्लाने त्याची वाढ खुंटते. अँटिबायोटिकने सिंडेन्ससारखे जिवाणू मेले की दरवाजा सताड उघडा.

हा जुलाब पुन्हा पुन्हा होणाऱ्यांवर नेदरलँड्समध्ये निरोगी माणसाचं शौच पातळ करून, गाळून, नळीवाटे लहान आतड्यात सोडून पाहिलं. निकाल २०१३ मध्ये आले : १६ पैकी १३ जण एकाच वेळेत बरे, आणखी दोघे दुसऱ्या वेळेत. नुसतं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या १३ पैकी ४ बरे. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मधेच थांबवावी लागली. हा उपचार आता प्रस्थापित आहे, अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये त्याच्या तयार औषधांना मान्यता मिळाली. पण कृपा करून कुणीही हे घरी करू नये. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कळवलं, की प्रतिकारशक्ती खालावलेल्या दोघांना दात्याच्या शौचातून अँटिबायोटिकला न जुमानणारा ई. कोलाय गेला आणि त्यातला एक दगावला.

हेच डीऑक्सिकोलिक आम्ल प्रमाणाबाहेर वाढलं तर अस्तराला जाळतं आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशी त्याचा संबंध जोडला जातो. एकच रेणू, एकाला राखतो, दुसऱ्याला बाधतो. म्हणून अहवालातले 'चांगले जिवाणू' आणि 'वाईट जिवाणू' हे रकाने मला पटत नाहीत. तुमच्या त्या फर्मिक्युट्सचंच घ्या. ब्युटिरेटचे मोठे उत्पादक, फिकालिबॅक्टेरियम आणि रोझब्युरिया, याच गटातले. वर सांगितलेला डिफिसिलही याच गटातला. मग गट जास्त आहे म्हणजे काय समजायचं?

विविधतेचंही तसंच. आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाच्या पोटात बिफिडोबॅक्टेरियाचंच राज्य असतं, विविधता अगदी कमी आणि बाळ ठणठणीत. आईच्या दुधात, लॅक्टोज आणि चरबी यांच्या खालोखाल, अशा साखरेच्या साखळ्या असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या या जिवाणूंसाठीच असतात. आईचं शरीर बाळासोबत बाळाच्या जिवाणूंनाही जेवू घालतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. उलट, ज्यांना घट्ट शौचाला होतं त्यांच्यात विविधता बरेचदा जास्त सापडते, कारण मल रेंगाळतो. तेव्हा विविधतेचा आकडा सुटा काढून त्यावर लाल शेरा मारणं योग्य नाही.

वजन आणि मधुमेह. २०१३ साली सेंट लुइसमधल्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत एक जाड आणि एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींच्या शौचातले जिवाणू जंतुविरहित उंदरांना दिले. जाड बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी वाढली. दोन्ही उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले तर सडपातळीचे जिवाणू दुसऱ्यात शिरले आणि ते चरबी वाढणं थांबलं. पण खाद्यात तंतू भरपूर आणि चरबी कमी असेल तरच. बातम्यांत हे शेवटचं वाक्य गळालं. माणसांत ॲमस्टरडॅमच्या गटाने २०१२ मध्ये सडपातळ दात्यांचं शौच दिलं, तेव्हा सहा आठवड्यांनी इन्शुलिनचा परिणाम सुधारला, वजन काही हललं नाही. २०१७ च्या मोठ्या चाचणीत अठराव्या आठवड्यापर्यंत तो फायदाही ओसरला. जिवाणू उसने आणता येतात, पण ताटात तेच राहिलं तर ते टिकत नाहीत.

मनःस्थितीबद्दल थोडक्यात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि काही जिवाणू त्याच्या निर्मितीला चालना देतात, हे खरं. पण ते सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, रक्त आणि मेंदू यांमधला पडदा ते ओलांडू शकत नाही. ते आतड्याची हालचाल आणि संवेदना सांभाळतं. मज्जातंतूंमार्फत काही निरोप वर जातात, त्यावर काम सुरू आहे. पण नैराश्यावर चालू असलेलं औषध या अहवालाच्या भरवशावर कुणीही बंद करू नये, हे मी कळकळीने सांगतो.

औषधांवरून आठवलं, ही बाजू फार कमी लोकांना माहीत असते. आतड्याच्या सुजेवर सल्फासलाझिन देतात, ते जिवाणूंनी तोडल्याशिवाय लागूच पडत नाही. हृदयाचं डिगॉक्सिन एगर्थेला लेंटा हा जिवाणू काही जणांच्या पोटात निष्प्रभ करतो. पार्किन्सनवरचं लेव्होडोपा एंटरोकॉकस फिकॅलिस मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच डोपामिनमध्ये बदलतो.

आता तुमच्या पोटाकडे येऊ. बेचाळिसाव्या वर्षी दीड वर्ष टिकलेल्या तक्रारीत मी आधी काही गोष्टी बाजूला सारतो. शौचावाटे रक्त, प्रयत्न न करता वजन घटणं, हिमोग्लोबिन किंवा लोह कमी होणं, झोपेतून उठवणारी पोटदुखी, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यातलं एकही असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नका. स्त्री असाल आणि फुगणं जवळपास रोजचंच झालं असेल, तर अंडाशयाची सोनोग्राफी करून घ्या. हे पुष्कळदा राहून जातं. थायरॉइड आणि सिलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं) या आजारांची रक्ततपासणी सोपी आहे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामकं आणि नैराश्यावरची काही औषधं यांनीही बद्धकोष्ठ होतं. जोर लावूनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नसेल, बसून राहावं लागत असेल, तर दोष गुदद्वाराजवळच्या स्नायूंच्या ताळमेळात असू शकतो. तो व्यायामाने आणि बायोफीडबॅकने (यंत्रावर पाहत स्नायूंना वळण लावण्याने) सुधारतो, कोणत्याही कॅप्सूलने नाही.

यातलं काही निघालं नाही तर आहार. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते. पण फुगणाऱ्या पोटावर एकदम भरमसाट चोथा टाकू नका. इथेच बहुतेकांची फसगत होते : दोन दिवस सॅलड आणि कडधान्यांचा मारा, तिसऱ्या दिवशी पोटाचा नगारा, आणि 'मला तंतू सोसत नाहीत' हा कायमचा निष्कर्ष. चोथा आंबताना हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघणारच. काहींच्या पोटात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव असतात आणि मिथेनमुळे आतड्याची चाल मंदावते. दर आठवड्याला चार-पाच ग्रॅम वाढवा. सुरुवात इसबगोलाने करा; ते पाणी धरून मल मऊ करतं आणि फारसं आंबत नाही, म्हणून वायू कमी. त्याच्यासोबत पाणी पुरेसं हवं. चाल सुधारली की मग भाज्या, डाळी, अख्खी धान्यं, फळं आणि शिजवून थंड केलेले पिष्टमय पदार्थ हळूहळू वाढवा, कारण ब्युटिरेट इसबगोलातून नाही, यांतून येतं. पाकिटावर 'इन्युलिन' (एक प्रकारचा तंतू) लिहिलेल्या पावडरी सध्या टाळा, त्या झपाट्याने आंबतात.

कॅप्सूल घेऊ नका, निदान त्या अहवालाच्या सांगण्यावरून नको. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सगळा पुरावा चाळून फार थोड्या परिस्थितींत प्रोबायोटिक सुचवली, फुगणाऱ्या पोटासाठी नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या २०१८ च्या प्रयोगात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. आंबवलेले पदार्थ पचत असतील तर खुशाल खा. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या एका छोट्या अभ्यासात ते रोज भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तातली सुजेची १९ प्रथिनं उतरली होती.

तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतील. त्यातून ब्युटिरेटची कमाई कळणार नाही, शौचातलं ब्युटिरेट मोजलं तरीही नाही, कारण बनलेल्या लहान मेदाम्लांपैकी जवळपास ९५ टक्के अस्तराने आधीच शोषून घेतलेली असतात. त्याऐवजी सहा आठवडे एक वही ठेवा. शौचाला कधी झालं, खडे होते की मऊ, जोर लावावा लागला का, पोट किती वाजता फुगलं आणि त्याआधी काय खाल्लं, एवढंच लिहा. वेळ जरूर लिहा. खाल्लेलं अन्न मोठ्या आतड्यात पोहोचायला काही तास लागतात, त्यामुळे जेवता जेवताच फुगणारं पोट आणि संध्याकाळी चढत जाणारं पोट यांचे उपाय वेगळे आहेत. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, अहवाल घरी राहिला तरी चालेल.